दुपारची पावलं

क्रांतीच्या लेकीला, प्रांजलला, बाळदमा होता. कुंडलच्या शिवारात, उसाच्या मळ्यातच त्यांचं घर. तोडणीच्या दिवसांत वाहनांचा धुरळा आणि तोडणी संपली की पाचट पेटवल्याचा धूर, दोन्ही पोरीच्या छातीत जाऊन बसायचं. कराडच्या डॉक्टरांनी पंप दिला होता, नळी लावून तो कसा ओढायचा हे शिकवलं होतं. उठता उठता ते म्हणाले, "मनगटाला बांधायचा पट्टा मिळतो आता. ठोके, ऑक्सिजन, झोप, चालणं, सगळं मोबाइलवर दिसतं. घरच्या घरी लक्ष राहील तुमचं."

नवरा विश्वजित फौजेत, जम्मूकडं. लांब असणाऱ्या माणसाला असलं काही लगेच पटतं. माघात सुट्टीवर आला तसा तो विट्याला गेला आणि पट्टा घेऊन आला. नवा मागवायला आठवडा लागणार होता आणि सुट्टी सरत आली होती, म्हणून ज्ञानूच्या मोबाइल दुकानात पडून असलेला, थोडा वापरलेला पट्टा त्यानं उचलला. जांभळ्या रंगाचा, लहान मुलांच्या मापाचा. ज्ञानूनं आधीची सगळी माहिती पुसून दिली. विश्वजितनं स्वतःच्या आणि क्रांतीच्या मोबाइलवर ॲप घातलं, प्रांजलचं नाव, वय, वजन भरलं आणि चार दिवसांनी गाडी धरली.

पहिला महिना बरा गेला. विश्वजितचा फोन यायचा, "आज पोरगी उशिरा झोपली व्हय?" क्रांतीला हसू यायचं. तिचे सासरे आकाराम चेष्टा करायचे, "पोरगी हाय का मोटार? सारखं मीटर बघत बसतीस." पण शेजारच्या रानात ट्रॅक्टर आला की तेही हळूच विचारायचे, "काय म्हणतोय गं तुझा पट्टा?"

चैत्र लागला, शाळा सकाळची झाली. प्रांजल अकराला घरी यायची, जेवायची आणि मधल्या घरात पंख्याखाली झोपायची. अशाच एका दुपारी क्रांती तिच्या उशाशी बसून शेंगा फोडत होती. फोन वाजला. विश्वजित चिडलेला होता.

"एवढ्या उनाचं पोरगीला पळाय कशाला सोडलीस?"

"पळायला? आवं झोपलीया ती. माझ्या म्होरं हाय."

"मग बघ की मोबाइल."

क्रांतीनं बघितलं. ठोके चढत होते. पावलांचा आकडा भराभर वाढत होता, एखादं पोर जीव खाऊन पळत असावं तसा. समोर प्रांजल कुशीवर निजली होती. तोंड अर्धं उघडं, पट्टा बांधलेला हात उशीखाली. क्रांतीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. श्वास संथ होता. मनगट चाचपून बघितलं, नाडीही संथ. आणि मोबाइलवर कुणीतरी पळत होतं.

मग ते थांबलं. बराच वेळ पावलं वाढली नाहीत. ठोके हळूहळू उतरले. त्यानंतर पुन्हा पावलं सुरू झाली, पण आता सावकाश, पाय ओढत चालल्यासारखी.

"पट्टा बिघडला असंल," क्रांती म्हणाली. विश्वजितही तसंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशीही. पळत जाणं, उभं राहणं, सावकाश परत येणं. क्रांतीनं एका दुपारी पट्टा काढून फडताळात ठेवला आणि समोर बसून राहिली. ठरल्या वेळी त्याच्या पोटातला हिरवा दिवा लागला, जसा तो कातडीला टेकल्यावर लागतो. मोबाइलवर ठोके उमटले. फडताळाच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी पडलेल्या पट्ट्याला नाडी लागत होती. तिनं घाईनं तो उचलला आणि झोपलेल्या प्रांजलच्या हाताला परत बांधला. का बांधला हे तिला सांगता आलं नसतं. आपल्या पोरीच्या हातात असला की निदान तो आकडा आपल्या माणसाचा वाटायचा.

कंपनीच्या हेल्पलाइनवर एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, या पट्ट्याचं जुनं खातं कायमचं काढून टाकलेलं आहे. त्यातलं काहीही आमच्याकडे शिल्लक नाही."

जुनं खातं. क्रांतीनं हे आधी मनातच घेतलं नव्हतं. हा पट्टा आधी कुणाच्या तरी लेकराच्या हातावर होता.

ती आकारामांना घेऊन विट्याला गेली. ज्ञानूनं पट्ट्याचं नाव निघताच दुकानातल्या पोराला चहा आणायला पिटाळलं आणि मान खाली घातली.

"वैनी, तुमच्या मालकांनी इचारलं न्हाई, म्हणून मी बी बोललो न्हाई. गलाईवाल्या रविराजच्या घरातनं आलाय त्यो. मदुराईत सोनं गाळायचं दुकान हाय त्यांचं. पोरगी आजीपाशी हुती, तिकडं खानापूरच्या बाजूला. गेल्या साली गेली."

"गेली म्हंजी?"

"वारली. तापानं. सात वर्साची हुती. राणी नाव."

आकाराम म्हणाले, "चल घरला. हितंच ठिवू ह्यो पट्टा." पण क्रांती जागची हलली नाही. तिनं ज्ञानूकडून राणीच्या आईचा नंबर घेतला. तिचं नाव शालन.

फोन लावायला तिला दोन दिवस लागले. काय सांगायचं? तुमची मेलेली पोरगी आमच्या मोबाइलात पळतीय? शेवटी दुपारच्या वेळीच, आकडा पळत असतानाच, तिनं फोन लावला आणि जे दिसत होतं ते सरळ सांगून टाकलं. वाटलं होतं, बाई शिव्या देईल किंवा फोन आपटेल.

पण शालननं विचारलं, "जेवणं झाल्यावर पळती?"

"व्हय."

"आन् मग थांबती? लय येळ?"

"लय येळ. मग सावकाश परत फिरती."

"फाट्यावर जाती ती," शालन म्हणाली. "दुपारची एसटी यायची येळ हाय ती. आई आली का बघाय जायची. सासूबाई रोज सांगायच्या मला फोनवर, तुझी लेक आजबी फाट्यावर जाऊन आली म्हणून. मी हासायची."

शालन दुसऱ्याच दिवशी कुंडलला आली. तिशीतली, उंच, गळ्यात काळ्या मण्यांची साधी पोत. लेकीच्या वर्षश्राद्धाला म्हणून ती मदुराईहून गावी, सासू सुलाबाईंकडं, येऊन राहिली होती. सोप्यात बसल्यावर तिनं पाणीही घेतलं नाही, आधी मोबाइल मागितला. बोटानं एकेक दिवस मागं सारत गेली. एका दिवसावर थांबली. त्या दिवशी दुपारी सुरू झालेली पावलं दिवस बुडेपर्यंत चालली होती. क्रांतीनं तो दिवस पट्ट्याच्या बिघाडात धरला होता.

"ह्या दिवशी तिथी काय हुती?"

आकारामांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. "चैत्र वद्य अष्टमी."

"आमच्या गावची जत्रा," शालन म्हणाली. "पाळण्यापासनं हालत न्हवती. सासूबाई दमल्या तिच्या मागं फिरून."

क्रांतीनं मनात एक मांडणी केली होती, तीच तिनं बोलून दाखवली. "ताई, मला वाटतं गेल्या सालचं जुनं काहीतरी कुठंतरी ऱ्हायलंय आन् तारीख आली की ते परत दिसतंय. मशीनचंच काहीतरी."

शालननं मान हलवली. "गेल्या साली जत्रा आणि ह्या साली जत्रा, मधी दहा-अकरा दिसांचा फरक पडलाय. तारीख कुठं जुळतीया? तिथी जुळतीया. मशीनला तिथी कुठली म्हाईत?"

आत प्रांजल झोपेत खोकली, तशा दोघी एकदमच वळल्या.

निघताना शालन उंबऱ्यात थांबली. "आखितीच्या आदल्या दिवशी गेली ती. दुपारचीच. मी मदुराईत दुकानात हुते, हातात मोबाइल. ठोकं चढल्यालं दिसत हुतं. फोन केला, तर सासूबाई म्हणल्या जरा ताप हाय. बघता बघता रेघ थांबली. हजार मैलांवरनं बघितलं मी ते." तिनं क्रांतीचा हात धरला. "त्या दिवशी मला हितं बसू द्या. एकच दुपार. ह्या वक्ताला तरी मी जवळ असंन."

विश्वजितला हे कळलं तेव्हा तो फोनवर ओरडला, "येडी झालीस का तू? फेकून दे त्यो पट्टा! आपल्या पोरीच्या हातावर कुणाचं मरण बांधून बसणारेस?" क्रांतीलाही तीच भीती होती. त्या दिवशी रेघ थांबेल, तेव्हा पट्टा प्रांजलच्या मनगटावर असेल. एकदा तिनं तो काढून विहिरीवर नेलाही. पण हातातून सोडवला नाही. आकाराम एवढंच म्हणाले, "यीऊ दे तिला. आई हाय ती."

आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी ऊन असं होतं की कुत्रीसुद्धा गोठ्याबाहेर येईनात. शालन दुपारच्या एसटीनं आली, फाट्यावर उतरून मळ्याच्या वाटेनं चालत. प्रांजल तोवर जेवून झोपली होती. आकाराम शेजारच्या रानात गेले होते, तिथं पाचट पेटवलं होतं आणि आग बांध ओलांडेल म्हणून ते राखत होते. क्रांतीनं मधल्या घराची खिडकी लावून घेतली, धूर आत येऊ नये म्हणून. पट्टा काढावा म्हणून ती पोरीपाशी गेली, पण शालन दारातून बघत होती. क्रांतीनं नुसतं पांघरूण सारखं केलं आणि दार पुढं ओढून घेतलं.

दोघी सोप्यात बसल्या. मध्ये चटईवर मोबाइल.

आधी झोपेतले ठोके होते. मग ते वर सरकायला लागले. शालननं मोबाइल उचलून मांडीवर घेतला.

"अशीच चढली हुती," ती म्हणाली. "अशीच." ती काचेवरून बोट फिरवत होती, तापल्या कपाळावरून फिरवावं तसं. "आले गं. आले मी. ही बघ, बसलेय."

क्रांतीच्या डोळ्यांना धार लागली. ठोके चढत होते. त्याखालचा ऑक्सिजनचा आकडा उतरत होता. मोबाइल थरथरून सूचना देत होता आणि दोघी त्याच्याकडं, देवाच्या मूर्तीकडं बघावं तशा बघत होत्या. होणार ते ठाऊक होतं. आता फक्त सोबत बसायचं होतं.

शालनचं बोट थांबलं.

"पावलं," ती म्हणाली.

"काय?"

"पावलं का वाढत्यात? राणी त्या दिवशी उठली न्हवती. उठायचं म्हणत हुती, पर सासूबाईंनी दोनी हातांनी धरून ठिवली हुती. एक पाऊल टाकलं न्हवतं तिनं." तिनं क्रांतीकडं बघितलं आणि तिचा चेहरा पार बदलला. "आगं, ही माझी न्हाई. ही तुझी हाय! ऊठ!"

मधल्या घरात अंथरूण रिकामं होतं. पांघरूण नीट बाजूला सारलेलं. मागचं दार सताड उघडं, आणि त्यातून धुराचा पट्टा आत येऊन जमिनीलगत पसरला होता.

क्रांतीनं खिळ्याला अडकवलेली पंपाची पिशवी ओढली आणि धावली. बाहेर धुरानं रान दिसत नव्हतं. ती हाका मारत गोठ्याकडं वळली, विहिरीकडं वळली. शालन मात्र कुठंही न वळता सरळ फाट्याच्या वाटेला लागली. तिथूनच तिची हाक आली.

प्रांजल वाटेच्या कडेला बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, खांदे वर-खाली होत होते, ओठ निळे. शिट्टीसारखा आवाज येत होता आणि मध्येच तोही बंद पडत होता. शालननं तिला मागून उठवून छातीशी सरळ धरलं. क्रांतीकडून नळी काही केल्या तोंडाला लागेना. शालननं तिचा हात वरून धरला. एकदा पंप दाबला, थांबल्या. पुन्हा दाबला. पुन्हा. तोवर आकाराम पळत आले आणि त्यांच्या मागं शेजाऱ्याची पिकअप.

पलूसला दवाखान्यात ऑक्सिजन लावला. दिवस कलायच्या आत पोरीच्या ओठांवर रंग आला. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. मनगटावरचा पट्टा नर्सनं सुई लावताना काढून क्रांतीच्या हातात दिला. तो बंद पडला होता.

प्रांजलला बोलता यायला लागलं तशी क्रांती तिच्यावर वाकली. "कुठं चालली हुतीस गं राणू... बाळा?" तोंडातून निघून गेलेला शब्द तिनं ओठ आवळून मागं घेतला. "मला न सांगता कुठं निघालीस?"

"फाट्यावर."

"कशाला?"

"त्या पोरीनं उठवलं मला."

"कुठल्या पोरीनं?"

"म्हाईत न्हाई. म्हणली, माझी आई आलीया, चल फाट्यावर. मी म्हणलं, माझी मम्मी वरडंल. तर हात धरला माझा." तिनं उजवा हात दाखवला, पट्ट्याचा. तिथं कातडीवर पट्ट्याची गोल खूण तेवढी होती. "लय जोरात पळती ती. मला धाप लागली. मग मी खाली बसले."

शालन दारात उभी होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं. ती आत आली, खाटेजवळ बसली आणि तिनं फार हळू आवाजात विचारलं, "कशी दिसत हुती?"

प्रांजलनं विचार केला. "घाईत हुती," ती म्हणाली.

बाहेर कठड्यापाशी दोघींनी मोबाइल बघितला. त्या दुपारची रेघ चढत गेली होती, पावलं फाट्याच्या वाटेपर्यंत वाढली होती आणि मग पट्टा बंद पडला तिथून पुढं काहीच नव्हतं. राणीची वेळ होऊन गेली होती आणि तेव्हा कुणीही मोबाइलकडं बघत नव्हतं.

"ताई, तुमची येळ चुकली," क्रांती म्हणाली. "माझ्या पोरीपायी."

शालननं मोबाइल क्रांतीच्या हातात परत दिला. "त्या दिवशी तिला फाट्यावर जाऊ दिलं न्हवतं," ती म्हणाली. "आज गेली." तिनं पदरानं तोंड पुसलं आणि शेवटची एसटी गाठायची म्हणून निघाली.

तो पट्टा पुन्हा चालू झाला नाही. ज्ञानूनं उघडून बघितला आणि आतलं सगळं गंजलंय म्हणाला, पाण्यात वर्षभर पडल्यासारखं. विश्वजितनं नवा, खोक्यातला पट्टा पाठवला. तो साधा निघाला. प्रांजल झोपली की झोपली म्हणून सांगतो, खेळली की खेळली म्हणून. क्रांती आता दुपारचं पोरीच्या पाठीवर हात ठेवून बसते आणि मोबाइल फडताळात ठेवते. आकाराम मोटारीची चेष्टा करत नाहीत.

अधिक महिना लागला तेव्हा क्रांतीनं शालनला फोन केला. वाटलं होतं ती मदुराईला गेली असेल. ती गावातच होती.

"गेले न्हाई परत," शालन म्हणाली. "मालक लय रागावल्यात. यीऊन न्या म्हणलं, तर आलं बी न्हाईत." तिच्या आवाजाभोवती उघड्या माळाचा वारा होता.

"आता कुठं हायसा ताई? वारं लय ऐकू येतंय."

"फाट्यावर. रोज येती ह्या टायमाला. ती पळत यील आन् हितं कुणीच नसलं तर कसं व्हायचं? एवढी वर्सं तसंच तर झालं." मग ती घाईनं म्हणाली, "थांब हां जरा. गाडी आली."

तिनं फोन बंद केला नव्हता, नुसता खाली धरला होता. क्रांतीला गाडीचा आवाज जवळ येताना ऐकू आला. ब्रेक लागले नाहीत. गाडी तशीच पुढं निघून गेली आणि तिचा आवाज माळावर विरत गेला. नुसता वारा राहिला.

मग शालन बोलायला लागली, पण फोनवर नाही. बाजूला, खाली वाकून बोलावं तसं.

"किती पळतीस गं उनाचं? बघू पाय. चप्पल कुठाय तुझी?"

क्रांतीनं काही वेळ ऐकलं. मग आवाज होऊ न देता फोन बंद केला आणि मधल्या घरात प्रांजलजवळ जाऊन बसली.